माथ्यावरचे रान : माथेरान

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळा सुरू झाला, की शहरातल्या उकाड्याने जीव नकोसा होतो. अशा वेळी चार दिवस डोंगरावरच्या एखाद्या गावी जावे, असे कोणालाही वाटते. अशा गावाला उर्दूत आपण ‘सेहत-अफ्जा मकाम’ म्हणतो. मराठीत त्याला ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हणतात. महाराष्ट्रात महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा अशी अनेक ठिकाणे आहेत. आज आपण त्यांतल्याच एका लहानशा, शांत गावाची ओळख करून घेऊ. ते गाव म्हणजे माथेरान.

माथेरान रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. डोंगराच्या माथ्यावर रान, म्हणून माथेरान. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. उंची १००० मीटरने वाढली, की तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते, हे तुम्ही भूगोलात शिकला असाल. आता हिशोब करून पाहा. पायथ्याच्या नेरळपेक्षा माथेरान सुमारे पाच अंशांनी थंड असले पाहिजे. त्यातच वर दाट झाडी आहे. म्हणून भर दुपारीही तेथे सावलीतून चालता येते.

१८५० साली ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे डोंगर चढून वर आले. त्यांना येथील हवा आवडली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीही या जागेकडे लक्ष दिले. मग रस्ते झाले, बंगले उठले. ‘मॅलेट यांनी माथेरान शोधले’ असे पुस्तकांत लिहिलेले आढळते. पण ठाकर, कातकरी आणि धनगर लोकांना हे डोंगर आणि त्यांच्या वाटा आधीपासूनच ठाऊक होत्या, हे विसरू नये.

पूर्वी लोक नेरळहून पायी, घोड्यावर किंवा पालखीत बसून वर जात. ही अडचण दूर केली ती मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०१ साली रेल्वेचे काम हाती घेतले. आदमजींनी त्यासाठी पैसा पुरवला. सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले. १९०७ साली गाडी धावू लागली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. मार्ग मात्र सुमारे २१ किलोमीटर लांब आहे. एवढा लांब का? वाट सरळ वर नेली असती, तर इंजिनाला ती चढताच आली नसती. म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत, हळूहळू वर नेले आहेत. तरीही काही ठिकाणी वीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते! पावसाने या मार्गाला अनेकदा तडाखा दिला. २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसातही त्याचे मोठे नुकसान झाले. तेव्हा नेरळची गाडी २०२२ साली पुन्हा वर पोहोचली.

माथेरानच्या शांततेचे रहस्य काय? तेथे मोटारींना बंदी आहे. सर्व गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी किंवा घोड्यावर जायचे. पण या शांततेची किंमत काही माणसांनी आपल्या अंगाने मोजली आहे. कित्येक वर्षे येथे माणसे प्रवाशांनी भरलेल्या रिक्षा हातांनी ओढत असत. चढावर त्यांचा दम उखडे. पर्याय म्हणून २०२२ साली विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून देण्याचा आदेश दिला. निसर्ग जपताना माणसाचा मानही जपला पाहिजे, हा त्याचा अर्थ.

येथे अनेक पॉइंट आहेत. पॉइंट म्हणजे कड्यावरची अशी जागा, जिथून दूरवरचे दृश्य दिसते. पॅनोरमा पॉइंटवरून सूर्योदय पाहावा आणि पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्यास्त. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. इको पॉइंटवर हाक मारली, की दरीतून उत्तर येते. जवळच शार्लोट तलाव आहे. तो पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. त्यात उतरू नये. आसपास पेब आणि इरशाळगड हे किल्ले आहेत. याच इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली आणि अनेकांचे प्राण गेले. डोंगर सुंदर असतो, तसाच नाजूकही असतो.

माथेरानची माती तांबडी आहे. हा जांभा दगडाचा थर. माती सुटी झाली, की पावसात ती वाहून जाते. तिला धरून ठेवतात ती जांभूळ, अंजनी, हिरडा यांसारखी झाडे. याच झाडांवर आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. म्हणून २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला.

माथेरानने देशाला एक वीरही दिला. भाई कोतवाल यांचा जन्म १९१२ साली येथील एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिकून ते वकील झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना त्यांना वीरमरण आले.

मित्रांनो, माथेरानला जाल तेव्हा चिक्की जरूर आणा, पण तिचा कागद तेथे टाकू नका. माकडांना खाऊ देऊ नका. कड्याच्या टोकाशी जाऊ नका. आणि थोडा वेळ न बोलता उभे राहा. वाऱ्याचा आणि पाखरांचा आवाज आपोआप ऐकू येईल.

स्वाध्याय
१. माथेरान नेरळपेक्षा थंड का आहे?
२. रेल्वेमार्ग वळणावळणाने का नेला आहे?
३. ‘निसर्ग जपताना माणसाचा मानही जपला पाहिजे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : जीव नकोसा होणे, दम उखडणे, वीरमरण येणे.