मिठाबाबत चिकट असलेले मूत्रपिंड

मिठात वजनाने सुमारे ४० टक्के सोडियम असते, उरलेले क्लोराइड. म्हणजे १ ग्रॅम सोडियम पोटात जाते ते अडीच ग्रॅम मिठातून. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर बहुधा सोडियमचा आकडा छापतात आणि तो मिठाचाच समजला गेला, की पदार्थ आहे त्यापेक्षा सौम्य वाटतो.

पेशीच्या आवरणातला पंप एका फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला. नोबेल मिळायला १९९७ उजाडले. मज्जातंतूंतून संदेश धावतात ते या पंपाने राखलेल्या तफावतीच्या जोरावर. आतड्यातही सोडियम ग्लुकोजच्या जोडीने पेशीत शिरते आणि पाठोपाठ पाणी ओढले जाते. जुलाबावरच्या जलसंजीवनीचे सारे गमक हेच. म्हणून तिच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोजसोबत २.६ ग्रॅम मीठ असते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मीठ असते आणि त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक ती परत रक्तात घेतात. एवढा चिकटपणा उगाच नाही. वनस्पतींत सोडियम अगदी कमी असते आणि माणसाच्या इतिहासाचा बहुतांश काळ मिठाच्या बरणीविना गेला. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक वरून मीठ घालून खात नाहीत. ३२ देशांतल्या ५२ केंद्रांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१ भरला. वाढत्या वयाबरोबर तो चढतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर मीठ सुचवले आहे. जगाचे सरासरी सेवन याच्या दुपटीहून जास्त आहे. मीठ वाढले की ते पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरचा ताणही.

जिभेच्या भरवशावर हिशेब मात्र लागत नाही. लोणच्यातले मीठ कळते. पापडखारातले आणि ढोकळ्यातल्या सोड्यातले सोडियम कळत नाही, कारण ते मिठाइतके खारट लागतच नाही. पावाचेही तेच. उपवासाचे शेंदेलोण सात्त्विक मानले जात असले, तरी तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

मिठाचा काही भाग बदलून पोटॅशियम क्लोराइड घालणे हा एक उपाय. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जणांवर याची चाचणी झाली, त्यात निम्म्या खेड्यांना असे मीठ दिले गेले. २०२१ च्या निष्कर्षांनुसार तिथे पक्षाघाताचे प्रमाण साधे मीठ खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळले. पण मूत्रपिंडे दुबळी असतील, तर पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही, रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. अशा रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये.