इंजिनापुरती जमिनीवरची हवा

विमान घरीही बांधता येते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना २०१६ साली कळले. त्या वर्षी मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या घराच्या गच्चीवर बांधलेले विमान ठेवले होते. अमेरिकेत हा छंद बराच जुना आहे. तेथे अशा हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना १९५३ सालीच स्थापन झाली. त्यांच्या लहान विमानांना बहुधा शंभराच्या आसपास अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असते. सपाट प्रदेशात ते पुरते. पण कोलोरॅडो राज्यातील लेडव्हिलसारख्या गावी विमानतळच मुळी समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपेक्षा उंच आहे. तेथे १०० अश्वशक्तीचे इंजिन धावपट्टीवर उभे असतानाच जेमतेम ७० अश्वशक्ती देते. अशा वेळी विमान बांधणाऱ्याच्या मनात येते, की ट्रकच्या इंजिनाला असतो तसा टर्बोचार्जर याला बसवला तर?

शक्ती का घटते, हे वर्गातच बसून समजावता येते. १ लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे ११ किलोग्रॅम, म्हणजे समुद्रसपाटीवरची जवळजवळ ९ घनमीटर हवा लागते. आपला वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर त्यातील हवा १० लिटर पेट्रोलला पुरेल. हाच वर्ग ५,५०० मीटर उंचीवर नेला, तर तेथील हवेची घनता ५७ टक्केच असल्याने पावणेसहा लिटरही जेमतेम जळेल. इंजिनाचे सिलिंडर म्हणजे असेच ठरावीक आकाराचे वर्ग. दट्ट्या खाली आला की एक वर्गभर हवा आत येते. ती विरळ असेल तर पेट्रोलही तेवढेच कमी द्यावे लागते.

टर्बोचार्जरमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनातील जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा वाया जात असते. त्या वायूंच्या झोताने पहिले चक्र फिरते आणि दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. लहान टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून काही वायू बाजूने सोडून देणारी एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात.

ही युक्ती विमानासाठी नवी नाही. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने लिबर्टी जातीचे इंजिन ट्रकवर चढवून पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० पर्यंत उतरले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले.

मग आजच्या हौशी माणसाने हे का करू नये? करावे, पण टर्बोचार्जर काय करतो आणि काय करत नाही हे नीट ओळखून. तो फक्त इंजिनाला फसवतो. आपण जमिनीवरच आहोत असे इंजिनाला वाटते. बाकीचे सगळे विमान मात्र उंचावरच असते.

ही फसवणूकही पुरती साधत नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा तळ गरम लागतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्मा आणि तापमान शून्याखाली सुमारे २० अंश असते. साधारण कार्यक्षमतेच्या टर्बोचार्जरने तो दाब दुप्पट केला, तर हवा ६५ अंशांच्या आसपास तापते. त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी घनता सुमारे दीडपटच होते. शिवाय गरम हवेमुळे सिलिंडरातील मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकू शकते. हे नॉकिंग. मोटारीत ते कानाला ऐकू येते, विमानात पंख्याच्या आवाजात बुडून जाते, आणि कळते तेव्हा दट्ट्याला भोक पडलेले असते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर म्हणूनच लावतात. पण त्याचे वजन आणि त्याला लागणारी जागा ही लहान विमानात मोठीच किंमत असते.

म्हणून समुद्रसपाटीचा दाब उंचीवर टिकवणे वेगळे आणि त्याहून जास्त दाब देऊन जादा शक्ती उपसणे वेगळे. रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या १,२११ घनसेंटिमीटरच्या ९१२ इंजिनाची शक्ती ८० अश्वशक्ती. त्याच आकाराचे टर्बोचार्जर बसवलेले ९१४ इंजिन ११५ देते. पण ही ११५ अश्वशक्ती फक्त ५ मिनिटे वापरायची, नंतर १०० वर यायचे, असा कारखान्याचाच दंडक आहे. ज्यांनी इंजिन घडवले तेच इतके जपतात, तर गॅरेजमध्ये जोडणी करणाऱ्याने पहिल्या प्रकारावरच समाधान मानावे, असे माझे मत आहे.

तेवढ्यानेही बरेच प्रश्न उरतात. इंजिन पूर्ण शक्तीने तापते, पण ते थंड करणारी बाहेरची हवा विरळच असते. उंचीवरची थंडी थोडी मदत करते, तरी हवेच्या वाटा मोठ्या कराव्या लागतात. टर्बाइनपर्यंतच्या नळ्या लालबुंद होतात आणि त्यांत दाबही असतो. अशा नळीला चीर गेली तर आतून गॅसकटरसारखी ज्वाला निघते, आणि जवळच पेट्रोलची नळी असते. विमानाचा पंखा ठरावीक कोनाचा असेल तर विरळ हवेत तो हलका फिरतो आणि इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातात; मग कोन बदलता येणारा महाग पंखा घ्यावा लागतो.

सगळ्यात फसवा असतो वेगमापक. तो प्रत्यक्षात समोरून येणाऱ्या हवेचा रेटा मोजतो. ५,५०० मीटरवर तो ताशी १०० मैल दाखवतो तेव्हा खरा वेग ताशी १३२ मैल असतो. पंख आणि शेपटी थरथरत फडफडू लागून मोडण्याचा धोका बऱ्याच अंशी या खऱ्या वेगावर अवलंबून असतो. पूर्वी अशक्त इंजिन विमानाला तेथवर जाऊच देत नव्हते. दुबळेपणाचे हे संरक्षण टर्बोचार्जर काढून घेतो.

आणि वैमानिक? २७ फेब्रुवारी १९२० रोजी रुडॉल्फ श्रोडर मॉसच्याच टर्बोचार्जरच्या बळावर डेटन शहरावर सुमारे ३३ हजार फूट उंच गेला. तो विक्रम होता. वर ऑक्सिजनने दगा दिला, चष्मा वर केल्याने डोळे गोठले आणि तो बेशुद्ध झाला. विमान कित्येक किलोमीटर खाली कोसळत आले. दाट हवेत आल्यावर श्रोडर शुद्धीवर आला आणि जवळजवळ आंधळ्या डोळ्यांनी त्याने विमान धावपट्टीवर उतरवले.