वंशावळीत आजी कुठे सापडते?

वंशावळ म्हटली की बाप, आजा, पणजा अशी नावं भराभर सांगितली जातात. पणजीचं नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून आज आम्ही जरा लांबची गोष्ट घेतली आहे. स्कॉटलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी घराण्यांची मुळं कशी शोधतात, आणि त्यात बायका कशा सापडतात, ते बघू.

स्कॉटलंड हा ब्रिटनचा उत्तरेकडचा भाग, त्यातला बराचसा डोंगराळ. जमीनदार खंड वाढवत होते, जास्त बोली लावील त्याला जमीन देऊ लागले होते. १७३९ साली तिथल्या अरगाइल भागातली सुमारे ३५० माणसं जहाजाने उत्तर कॅरोलायनात आली आणि केप फिअर नदीकाठी वसली. मागून आणखी पुष्कळ आली. मका पेरायचा, गुरं-डुकरं पाळायची, पाइनच्या झाडांपासून डांबर काढायचं, असा संसार. ही जमीन आधी तिथल्या मूळ रहिवाशांची होती, हेही सांगायला हवं.

या लोकांची भाषा गेलिक. त्यात आडनावातलं ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मुलीच्या आडनावाला मात्र ‘निक’ लागतं. पण सरकारी कागद इंग्रजीत, त्यामुळे मुलीसुद्धा ‘मॅक’च झाल्या! ‘ओयरिक’ नावाच्या बाईला एका कागदात एफी लिहिलंय, दुसऱ्यात युफेमिया. बाई एकच.

आता खानेसुमारी. अमेरिकेत पहिली झाली १७९० साली. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. गोऱ्या पुरुषांचे निदान दोन गट केले, सोळा वर्षांखालचे आणि वरचे. घरातल्या बायका, मग ती तान्ही पोर असो की म्हातारी सासू, सगळ्या मिळून एकच आकडा. गुलाम म्हणून राबणारी माणसंही नुसता आकडाच. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० साल उजाडलं, आणि गुलामांच्या वेगळ्या यादीत तेव्हाही मालकाचंच नाव होतं.

मग आजी शोधायची कशी? पहिली युक्ती नावांच्या रिवाजाची. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं आणि धाकटीला बापाच्या आईचं. ऐकलंत ना, मुलीच्या बाबतीत आईची आई पहिली! म्हणजे थोरल्या लेकीचं नाव कळलं की आजीचं नाव काय असेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच हं, कारण सगळे काही रिवाज पाळत नव्हते. शिवाय एकाच आजोबांचं नाव चार चुलत भावांना, त्यामुळे गोंधळही भरपूर.

दुसरी युक्ती स्कॉटलंडच्या चर्चच्या वहीची. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव बहुधा लिहिलेलं असतं. तिकडे लग्नानंतरही बाई कागदावर माहेरच्या नावाने ओळखली जायची, थडग्यावरसुद्धा.

तिसरी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती जमिनीच्या कागदांची. त्या काळच्या कायद्यात नवरा वारला की त्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर विधवेचा हयातभर हक्क असे. विकता येत नसे, पण त्यावर पोट भरता येई. हा हक्क असल्यामुळे नवरा जमीन विकायला निघाला की घेणारा बायकोचीही संमती मागे, नाहीतर उद्या विधवा दारात उभी राहायची. मग अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी, तू राजीखुशीने हक्क सोडतेस ना? आणि तिचं उत्तर नावासकट कागदावर चढे. घरी परत जाऊन त्याच नवऱ्याबरोबर राहायचं असताना किती जणींनी खरं मनातलं सांगितलं असेल, हा प्रश्न आहेच. अनेक जणींना सही येत नव्हती, त्यांनी फुली मारली. त्या फुलीशेजारी कारकुनाने लिहिलेलं नाव हाच कित्येक घराण्यांत आजीचा एकुलता एक पुरावा आहे.