ल बाँचं पुस्तक आणि हिटलरची सभा

रविवारी सकाळी दहाला हिटलरने म्युनिकमध्ये सभा घेतली. सभागृह खचाखच भरलं, पण भाषण काही केल्या रंगेना. आपल्या ‘माइन काम्फ’ या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडात (1926) हे तो स्वतःच सांगतो. तेच नाटक दुपारी बघा आणि रात्री बघा, परिणाम वेगळा होतो, असंही म्हणतो. त्याचा निष्कर्ष असा, की संध्याकाळी माणसाचा विरोध थकलेला असतो, तेव्हाच त्याला गाठावं.

अशा तोडग्यांचं पुस्तक जर्मनीत 1908 पासून मिळत होतं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँने 1895 मध्ये लिहिलेलं गर्दीचं मानसशास्त्र. हा गृहस्थ वैद्यक शिकलेला. भारतात फिरून इथल्या संस्कृतींवरही त्याने ग्रंथ लिहिला होता. गर्दीत माणूस बुद्धी गहाण ठेवतो, असं त्याचं मत. म्हणून नेत्याने पुरावे देत बसू नये. ठासून बोलावं, तेच तेच बोलावं, पुढे विचाराची लागण आपोआप होते. ‘माइन काम्फ’मधला प्रचाराचा मंत्रही हाच : मुद्दे मोजके, घोषणा तीच, शेवटच्या माणसाच्या डोक्यात उतरेपर्यंत. जनसमूह ‘बायकी’ असतो, हा शेरासुद्धा दोघांकडे आहे!

मुसोलिनीने ल बाँचं ऋण उघड मान्य केलं. ‘माइन काम्फ’मध्ये मात्र ल बाँचं नावही नाही, गुरू म्हणून मान मिळतो तो ब्रिटिशांच्या युद्धप्रचाराला. शिवाय ल बाँ तेव्हा सर्वतोमुखी होता, फ्रॉइडनेही 1921 मध्ये त्याच्यावर लिहिलं. तेव्हा नुसत्या साम्यावरून चोरी सिद्ध होत नाही.

मग ल बाँचं खरं किती? ‘तेच तेच बोलावं’ हे तरी खरं. 1977 मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा 60-60 विधानं ऐकवली. काही विधानं दर वेळी तीच होती. ती खरी असोत वा खोटी, प्रत्येक खेपेला अधिक खरी वाटू लागली. ओळखीचं वाक्य मेंदूला सोपं जातं आणि त्या सोपेपणालाच तो खरेपणा समजतो.

बुद्धी गहाण टाकण्याचा सिद्धांत मात्र टिकला नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या 1980 च्या दंगलीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशरने केला. जमावाने पोलिसांना लक्ष्य केलं, घरांना हात लावला नाही. कुणावर तुटून पडायचं याचं भान त्याला होतं. हिटलरच्या सभांना गेलेल्यांसाठीही ‘गर्दीत भान हरपलं’ ही सबब त्यामुळे पुरत नाही.