आरशाचे कव्हर रंगवताना

आरशाचे कव्हर, पेट्रोल टाकीचे झाकण, दाराची मूठ, बंपरमधले टोइंग हुकाचे चौकोनी झाकण हे गाडीचे भाग सगळ्यात आधी खराब होतात. कधी पार्किंगमधला खांब घासतो, कधी गल्लीत दुचाकीचे हँडल लागते. पण हे भाग गाडीपासून सुटे काढता येतात आणि त्यांचा रंग त्यांच्याच कडेपाशी संपतो, म्हणून घरी रंगवण्यासारखेही हेच. दाराच्या मधोमध पडलेला ओरखडा तेवढाच रंगवायचा तर नवा रंग जुन्यात विरवावा लागतो, आणि स्प्रेच्या डब्याने ते सहसा साधत नाही. ज्या बंपरच्या आत पार्किंग सेन्सर किंवा रडार बसवलेले असते, त्या बंपरलाही घरी हात लावू नये. रंगाचा जादा थर सेन्सरला मंद करतो आणि मेटॅलिक रंगातली ॲल्युमिनियमची भुकटी रडारच्या लहरी अडवते.

कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर असतो. त्यावर विजेच्या प्रवाहाने बसवलेला गंजरोधक प्रायमर, मग सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात मूळ रंगाचा वाटा अगदी थोडा असतो, चमक आणि संरक्षण क्लिअर कोट देतो. पत्र्यावरचे हे थर भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. घरी ते शक्य नाही. डब्यातला साधा रंग द्रावक उडून गेल्यावर हवेत सुकतो. हवेत झटपट सुकणाऱ्या रंगांचा मोटारींवरचा वापर १९२३-२४ च्या सुमारास, ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज रंगापासून वाढला. दाबाच्या डब्यातून रंग फवारण्याची युक्ती अमेरिकेतल्या एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये आणली. घरच्या कामाची मदार आजही याच दोन गोष्टींवर आहे. भट्टीचा टिकाऊपणा त्यातून येणार नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागावे.

रंग विकत घेताना नावावर जाऊ नये, कोड पाहावा. तो बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. मारुती सुझुकीचा ‘सुपीरिअर व्हाइट’ म्हणजे २६यू, ‘सिल्की सिल्व्हर’ म्हणजे झेड२एस. कोड जुळला तरी काही वर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा रंग थोडा हटलेला असतो. त्यासाठी आधी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंगाचे हात देऊन, वर क्लिअर मारून, तो दिवसाच्या उजेडात गाडीला लावून पाहावा. साधा पांढरा किंवा लाल सर्वांत सोपा. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि ओल्या, जाड हातात ते वेगळ्या दिशेने बसतात, त्यामुळे एकाच डब्यातला रंग एकीकडे उजळ आणि दुसरीकडे काळपट दिसतो. तीन थरांचा मोतिया पांढरा मात्र पेंटरकडेच द्यावा.

कामासाठी ऋतूही पाहावा लागतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर धरते. त्यामुळे रंगावर पांढुरकी झाक येते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. विदर्भातल्या मेच्या दुपारी उलटे होते. रंगाचे थेंब भागापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धवट सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, सकाळी दहानंतरची वारा नसलेली वेळ उत्तम. फरशीवर थोडे पाणी शिंपडले की धूळ बसते. झायलिन, ॲसिटोनसारखे द्रावक आणि डब्यातला वायू दोन्ही पेट घेणारे आहेत, तेव्हा गॅसची शेगडी, देवघरातली समई किंवा उदबत्ती जवळपास नको. बंद खोलीतही काम करू नये.

खरा वेळ जातो तयारीत. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि त्यानंतरच घासायला घ्यावा. क्रम उलटा झाला तर पॉलिशमधले मेण आणि सिलिकॉन घासलेल्या ओरखड्यांत भरते आणि नवा रंग तिथून मागे सरून गोल खड्डे पडतात. पेंटर त्यांना फिश आय म्हणतात. ओरखड्याच्या कडा ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरत्या कराव्यात. डोळे मिटून बोटाचे टोक फिरवले आणि पायरी लागली नाही, म्हणजे कड उतरली. बाकीचा भाग ६०० नंबरने ओला घासून सगळी चमक घालवावी. चमक राहिलेल्या जागी रंग धरत नाही.

यापुढचा मार्ग भाग कशाचा आहे त्यावर ठरतो. प्लॅस्टिकच्या भागाच्या आतल्या बाजूला बाणांच्या खुणांमध्ये त्याचे नाव उमटवलेले असते. आरशाचे कव्हर बहुधा एबीएसचे असते आणि त्यावर प्रायमर चांगला धरतो. बंपर आणि त्याची झाकणे बहुतेक पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे पीपीची. या प्लॅस्टिकला रंग चिकटतच नाही. पोपडे निघणाऱ्या घरगुती बंपरच्या कामात बहुधा हीच चूक झालेली असते. उघड्या पडलेल्या पीपीवर प्लॅस्टिक प्रायमरचा, म्हणजे ॲढीजन प्रमोटरचा पातळ हात आधी द्यावाच लागतो. पत्र्याच्या झाकणावर गंज असेल तर तो चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासून काढावा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर मारावा. गंजावरच लांबी भरली तर ती ओल शोषते आणि काही महिन्यांत तिथेच फुगे येतात. समुद्राकाठच्या गावांत हे आणखी लवकर होते.

खोल खाचेसाठी दोन घटकांची लांबी लागते. प्लॅस्टिकसाठी ती लवचीक जातीची घ्यावी. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घालावा. जास्त घातला तर पुढे त्याचा डाग रंगातून वर येतो. लांबी घासून झाल्यावर प्रायमर सरफेसरचे दोन-तीन हात द्यावेत आणि तो सुकल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करावा. मग ८०० नंबरने घासले की उंचवट्यावरचा काळा निघून जातो आणि खळग्यांतला राहतो. काळे ठिपके दिसत असतील तोवर रंगाचा डबा उघडू नये.

रंग मारताना डब्यातली गोळी वाजू लागल्यावर तो आणखी दोन मिनिटे हलवावा. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून पलीकडच्या बाहेर सोडावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यावा. मनगट वळवू नये, पूर्ण हात समांतर सरकवावा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. मग १० ते १५ मिनिटांच्या अंतराने तीन-चार हात. एकाच हातात झाकायला गेले की ओघळ येतो. बेस कोट मंद, निस्तेज दिसतो, ते बरोबर आहे. चमक क्लिअरच्या दोन-तीन हातांनी येते आणि त्यातला शेवटचा हात जरा ओला हवा.

क्लिअरच्या निवडीत तब्येतीचा प्रश्न आहे. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर खूप टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी किंवा साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. घरी तो वापरूच नये. हार्डनर नसलेल्या रंगालाही द्रावकाच्या वाफा रोखणारा कार्ट्रिजचा मास्क आणि हातमोजे हवेत.

ओघळ किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला तर ओल्या रंगाला बोट लावू नये. आठवडाभर थांबून १५०० आणि मग २००० नंबरने पाण्यात घासावे, नंतर रबिंग कंपाउंडने चमक आणावी. कडांपाशी थर सर्वांत पातळ असतो, म्हणून तिथे कागद हलका फिरवावा. घासायचे काही नसेल तर रंगवलेला भाग दुसऱ्या दिवशी बसवता येतो, मात्र आरशाच्या कव्हरच्या खाचा जोरात दाबल्या तर कडेचा कोवळा रंग उडतो. प्रेशर वॉशर आणि मेणाचे पॉलिश महिनाभर टाळावे. पेट्रोलच्या झाकणाला एक मर्यादा कायमची राहते. एका घटकाच्या क्लिअरला पेट्रोल विरघळवते, त्यामुळे पंपावर थेंब सांडला तर तो लगेच टिपून घ्यावा लागतो. ज्यांना तेवढे लक्ष देणे जमणार नाही, त्यांनी ते झाकण घासून, प्रायमर मारून तयार करावे आणि टू-केचा शेवटचा हात पेंटरच्या बूथमध्ये मारून घ्यावा.