उतरलेल्या विमानाचा वेग जातो कुठे?

६०० किलो वजनाचं एक छोटं विमान ६० नॉट वेगानं, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटरनं, धावपट्टीला टेकतं. थोड्याच वेळात ते धावपट्टीवर उभं असतं. मधल्या काळात त्याचा वेग गेला कुठे?

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शाळेत शिकलो. गणितही शाळेतलंच: वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं २८६ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत तीस अंशांचं जवळजवळ लिटरभर पाणी उकळीला येतं. घरच्या गॅसवर त्याला काही मिनिटं लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या पाव पटीनं ब्रेक लावले, तर विमान ते काम तेरा सेकंदांच्या आत उरकतं. आणि ही उष्णता जाते कुठे, तर पंज्याएवढ्या दोन पोलादी चकत्यांमध्ये. हवेचा आणि टायरचा विरोध थोडा वाटा उचलतो, पण ब्रेक निवडताना त्यांची मदत धरायची नसते. आकाशातून आलेल्या एवढ्या मोठ्या वस्तूची सगळी गती शेवटी दोन लहान चकत्यांच्या अंगात ऊब होऊन उतरते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

वरचे आकडे एका खऱ्या विमानाचे आहेत. बर्ट रुटान या डिझायनरनं अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे आखलेलं ‘लाँग-ईझी’ १९७९ साली प्रथम उडालं. रुटाननं विमान विकलं नाही, नकाशे विकले. ते घेऊन लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये फोमचे ठोकळे कापले, त्यांवर काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी चढवलं आणि दोन माणसांना घेऊन उडणारी विमानं उभी केली. पूर्ण भरलेल्या लाँग-ईझीचं वजन १३२५ पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो. १९९७ साली बर्टचा भाऊ डिक रुटान आणि माइक मेलव्हिल अशा दोन लाँग-ईझी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव याच जातकुळीचे. त्यांचं विमान २०१६च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं.

कारखान्यातून आलेल्या विमानाचे ब्रेक कुणीतरी आधीच निवडलेले असतात. घरी विमान बांधणाऱ्यापुढे मात्र क्लीव्हलँड, मॅटको, बेरिंजर, ग्रोव्ह अशा कंपन्यांचे कॅटलॉग उघडे पडलेले असतात. त्यात चाकाचं माप दिसतं, वजन दिसतं, किंमत दिसते. खरा आकडा बऱ्याचदा तक्त्याच्या कोपऱ्यात असतो: हा ब्रेक एका थांबण्यात किती ऊर्जा पचवू शकतो.

त्या आकड्याशी आपलं विमान ताडून पाहायला अमेरिकेच्या विमान प्रमाणीकरणाच्या नियमांत दीर्घ काळ एक सूत्र होतं. ०.०४४३ गुणिले वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ब्रेक असलेल्या चाकांची संख्या. वजन पौंडात, वेग नॉटमध्ये, उत्तर फूट-पौंडात. प्रथम पाहताना ०.०४४३ हा आकडा कुणा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं मोजून काढलेला वाटतो. पण तो सोडवून पाहा. नॉटचे फूट प्रति सेकंद करा, पौंडाला गुरुत्वाकर्षणानं भागा, निम्मं करा, नेमका ०.०४४३ हातात येतो. सरकारी नियमाच्या पोटात नववीच्या पुस्तकातलंच सूत्र बसलेलं आहे! लाँग-ईझीचे आकडे घातले की एका चाकाच्या वाट्याला सुमारे १ लाख ५ हजार ६०० फूट-पौंड येतात. घरगुती विमानाला हा नियम बंधनकारक नव्हता; पण चकती कायदा पाहून तापत नाही.

आता वेगाच्या वर्गाकडे नीट पाहू, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. वैमानिक ६०ऐवजी ७० नॉटनं टेकला, तर वेग वाढला सहाव्या हिश्शानं, पण ऊर्जा वाढली ३६ टक्के. उलट बाजूनं पाहिलं, तर वेग निम्म्यावर आला की तीनचतुर्थांश ऊर्जा संपलेली असते. म्हणून जाणता वैमानिक टेकल्याबरोबर ब्रेक दाबत नाही. तेव्हा पंख अजून वजन पेलत असतात, टायर जमिनीवर हलकेच टेकलेले असतात. जोरात दाबलं तर चाक अडकून घसरतं आणि टायरचा एक भाग खरवडून सपाट होतो. सुरुवातीचं काम हवेला करू द्यावं.

हा वेग उंचीवर आणखी फसवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचं गाव आहे. तिथला विमानतळ ९,९३४ फूट उंचीवर आहे. उत्तर अमेरिकेतल्या सार्वजनिक विमानतळांत सर्वांत उंच. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत पाऊण पटीच्याही किंचित खाली असते. वेगमापक हवेचा दाब मोजतो, त्यामुळे वैमानिकाला काट्यावर ६० नॉटच दिसतात. प्रत्यक्षात विमान ७० नॉटच्या आसपास धावत असतं. विरळ हवेत पंखाला तेवढीच उचल हवी असेल, तर वेगाचा वर्ग घनतेच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, आणि ब्रेकची ऊर्जाही त्याच वर्गावर चालते. म्हणजे हवा जितकी विरळ, तितकीच चकती जास्त तापणार. समुद्रकाठी पुरेसा असलेला ब्रेक डोंगरावर अपुरा पडू शकतो, आणि काट्याकडे पाहून हे कळणार नाही.

ही उष्णता ठेवायची कशात, हा पुढचा प्रश्न. एकेका चाकाच्या वाट्याला १४३ किलोज्यूल येतात. चकती किलोभर पोलादाची धरली आणि सगळी उष्णता तिच्यातच राहिली असं मानलं, तर एका थांबण्यात तिचं तापमान ३०० अंशांच्या आसपास वाढतं. चकती अर्ध्या किलोची घेतली, तर वाढ दुप्पट. विमान बांधणारा प्रत्येक ग्रॅमसाठी झगडतो आणि ते योग्यच आहे. पण ब्रेकची चकती ही वजन वाचवायची जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. तिचं वजन म्हणजेच तिची पचनशक्ती. अतिहलक्या विमानांची गोष्ट वेगळी. २५० किलोचं विमान ३५ नॉटनं उतरलं, तर ऊर्जा लाँग-ईझीच्या सातव्या हिश्शाएवढीच निघते. तिथे हलका, साधा ब्रेकही शोभतो.

ऊर्जेनंतर दुसरा आकडा पकडीचा. उड्डाणापूर्वी इंजिन फिरवून तपासताना विमान जागच्या जागी धरून ठेवावं लागतं. समजा पंखा २०० किलोच्या जोरानं ढकलतो आहे. प्रत्येक चाकाला १०० किलोचा जोर अडवायचा आहे. टायरची त्रिज्या १८ सेंटीमीटर असेल, तर ब्रेकला हा जोर गुणिले ती त्रिज्या एवढी पिळवट, म्हणजे टॉर्क, द्यावी लागते. अलास्कातले वैमानिक नदीकाठच्या दगडगोट्यांवर उतरण्यासाठी ३१ इंच व्यासाचे फुगीर टायर लावतात. त्यांची त्रिज्या दुपटीहून जास्त, म्हणजे तोच जोर अडवायला ब्रेकला दुपटीहून जास्त पिळवट लागते. ब्रेक जुनाच ठेवून टायर बदलला, तर ब्रेक निम्म्याहून दुबळा झाला! म्हणून ही मंडळी मोठे टायर घेताना मोठी चकती किंवा चकतीला चिमटणारे दोन-दोन कॅलिपरही बसवतात.

एवढा जोर माणसाच्या पायातून येतो, हेही थांबून पाहण्यासारखं आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास पाच अष्टमांश इंच आणि कॅलिपरच्या पिस्टनचा दीड इंच धरा. दोघांच्या क्षेत्रफळांत पावणेसहा पटींचा फरक पडतो. पॅडलच्या तरफेनं जोर आधी दुप्पट केला, तर पायाच्या तीस किलोंचे चकतीवर सुमारे ३४५ किलो होतात. पास्कलचा सतराव्या शतकातला नियम बोटभर नळीतल्या तेलातून निमूट काम करत असतो.

मग सगळ्यांत ताकदवान ब्रेक घ्यावा का? शेपटीखाली चाक असलेल्या विमानाला तर मुळीच नाही. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे आणि वर असतो. चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्यापर्यंत रेघ ओढली, तर तिनं उभ्या रेषेशी १६ ते २५ अंशांचा कोन करावा, असा डिझायनरांचा संकेत आहे. कोन १६ अंश असेल, तर ब्रेकचा जोर विमानाच्या वजनाच्या ०.२९ पट झाला की शेपूट हवेत उठतं आणि पंखा जमिनीवर आपटतो. कोरड्या डांबरावर टायर त्याच्या दुपटीहून जास्त पकड देऊ शकतो. म्हणजे इथे मर्यादा भूमितीची आहे. जुन्या पायपर कबचे ब्रेक टाचेनं दाबायचे आणि बेताचेच असायचे; त्या विमानाला तेवढेच हवे होते.

लाँग-ईझीत पंखा मागे आहे, त्यामुळे ती भीती नाही. त्या विमानाच्या ब्रेकची रचना मला फार देखणी वाटते. दोन्ही पंखांच्या टोकांना उभे पंख आहेत आणि प्रत्येकाचा रडर फक्त बाहेरच्या बाजूला वळतो. उजवं पॅडल दाबलं की उजवा रडर वळतो. पॅडल शेवटपर्यंत नेऊन आणखी दाबलं की त्याच बाजूचा ब्रेक लागतो. हवेत दोन्ही पॅडलं दाबली, तर दोन्ही रडर बाहेर येऊन हवाच अडवतात. विमान उभं करायचं असेल, तर नाकाचं चाक मिटून नाक जमिनीवर टेकवतात. नाकाखालचा रबरी ठोकळा पार्किंग ब्रेकचं काम करतो. एकाच पॅडलमध्ये हवेतलं वळण, जमिनीवरचं वळण आणि थांबणं, तिन्ही बसवणाऱ्या माणसाला दाद द्यावी तेवढी थोडी.

पण या सोयीची एक किंमत आहे. नाकाचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे जमिनीवर वळण्यासाठी एका बाजूचा ब्रेकच वापरावा लागतो. बाजूनं वारा असला, तर तोच एक ब्रेक सतत हलकेच दाबून ठेवावा लागतो. हलकेच म्हणजे किती? दहा किलोच्या जोरानं ब्रेक घासत एक किलोमीटर गेलं, तर त्या एका चकतीत सुमारे १०० किलोज्यूल जमा होतात. पूर्ण वेगानं उतरून थांबताना तिच्या वाट्याला येतात १४३. चालण्याच्या वेगानं, कुणाच्या लक्षातही न येता, एका उतरण्यातल्या उष्णतेचा मोठा हिस्सा! मोकळ्या नाकचाकाच्या विमानांत ब्रेक पेटण्याचे प्रकार घडले ते अशा संथ, निरुपद्रवी वाटणाऱ्या धावेतून. सिरस एसआर२२ या कारखान्यात बनणाऱ्या विमानाच्या कॅलिपरवर म्हणूनच तापमान दाखवणारे स्टिकर लावतात. ठरावीक मर्यादा ओलांडली की ते काळे पडतात.

पेटतं काय? ब्रेकमधलं तेल. विमानाच्या ब्रेकमध्ये साधारणतः लाल रंगाचं ५६०६ जातीचं खनिज तेल असतं आणि कॅलिपरमध्ये नायट्राइल रबराची ओ-रिंग. गाडीचं ब्रेक फ्लुइड इथे घालू नये, ते नायट्राइल खराब करतं. थांबल्यानंतर चकतीतली उष्णता हळूहळू कॅलिपरमध्ये शिरते, त्यामुळे ओ-रिंग सर्वांत जास्त तापते ती विमान उभं राहिल्यानंतर. रबर हरलं की तेल चकतीवर ठिबकतं. ५६०६चा ज्वलनांक प्रमाणानुसार किमान ८२ अंश, तर ८३२८२ या कृत्रिम तेलाचा किमान २०५ अंश. दोन्ही तेलं त्याच सीलबरोबर चालतात. मग कमी ज्वलनांकाचं तेल का भरावं, हे मला उमगत नाही. व्हिटॉनची ओ-रिंग नायट्राइलपेक्षा बरीच जास्त उष्णता सोसते. आणि लाँग-ईझीचे पाय काचतंतू-इपॉक्सीचे. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं, म्हणून ब्रेक आणि पाय यांच्यामध्ये उष्णतारोधक पडदा हवाच.

कॅलिपरमध्ये चकतीवर घासणारे नवे पॅड बसवल्यावर ते कसे मुरवायचे, याची कृती कंपनी देते. पॅडमधला राळेचा बंध उष्णतेनं पक्का व्हावा लागतो. ती पायरी वगळू नये.

कुणी विमान बांधायला घेतलं असेल, तर त्याला एवढंच सांगेन: चाकं विकत घेण्याआधी आपल्या विमानाचं पूर्ण वजन आणि खरा टेकण्याचा वेग कागदावर लिहा, ०.०४४३चं गणित करा, टायरच्या त्रिज्येवरून पकडीचं गणित करा, आणि दोन्ही आकडे विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून पाहा. तक्त्यात हे दोन आकडे नसतील, तर तो ब्रेक घेऊ नका.