असं का होतं? : डोंगरातला वारा दिशा का बदलतो?

डोंगरात भरदुपारी वारा चढाकडे वाहतो आणि ऊन कलल्यावर दरीकडे उतरतो. तापलेल्या उताराला लागलेली हवा हलकी होऊन वर सरकते. संध्याकाळी ती गार आणि जड होऊन ओढ्याच्या पाण्यासारखी घळीतून खाली येते.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या सरकारी जंगलात सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार चालते. बाणासाठी अगदी जवळ जावं लागतं आणि वाऱ्यावरून एल्कला माणसाचा वास लगेच लागतो. म्हणून चढ-उतार आणि त्यावरून वाऱ्याची दिशा कळावी यासाठी अनोळखी मुलखाचा नकाशा आधी घरीच वाचावा. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे दाटल्या, तिथे चढ उभा. उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी, त्यामुळे ओल टिकते, झाडी दाट होते; दिवसा एल्क तिथे विसावतात. तेव्हा आपला वास वाऱ्याने त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून दुपारी त्यांच्याकडे वरून जावं, संध्याकाळी खालून.